शीलामावशीचं न्हाऊ

आमच्या खळवाडीत कुणाकडे बाळ-बाळंतीण आली आहे हे विचारावं लागायचं नाही. सकाळी सातच्या सुमाराला शीलामावशी कुठल्या गल्लीला वळते ते बघायचं. डोक्यावर पदर, हातांत एकही बांगडी नाही, पायात रबरी चपला आणि काखेत धुतलेल्या जुन्या लुगड्याचं फडकं. वळायची, असं आता लिहायला हवं. गेल्या दोन वर्षांत ती कुणाच्याच न्हाणीत गेलेली नाही.

तिचं पूर्ण नाव सत्यशीला शांतवन पाटोळे. खळवाडी संगमनेरपासून बारा किलोमीटरवर, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांची. गावाच्या कडेला चर्चभोवती ख्रिस्ती मंडळींची पंधराएक घरं आहेत, त्यांतलं शेवटचं तिचं. नवरा शाळेत शिपाई होता. मुलगा अँड्र्यू चौथीत असताना नवरा गेला. सकाळी दोन-तीन घरची न्हाणी आधीपासूनच, आणि तेव्हापासून मग दिवस मावळेपर्यंत दुसऱ्यांच्या रानात कांदालागण नाहीतर खुरपणी, असा तिचा दिवस.

न्हाऊ घालायला तिला सासूनं शिकवलं. सासू, रोझीआजी, तरुणपणी कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथली शिस्त तिनं सुनेच्या अंगात भिनवली. नखं बोटाच्या आत, हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले, पाणी कोपर बुडवून तपासायचं, पंजानं नाही, कारण काम करून पंजाला ऊन-गार कळेनासं होतं. आणि बांगड्या नकोत. शीलामावशीनं नवरा जिवंत असतानाच बांगड्या उतरवल्या, तेव्हा गावात कुजबुज झाली. पाणवठ्यावर कुणीतरी टोमणा मारलाच, “सवाष्ण बाई आन् हात मोकळे?”

“ज्याच्या नावाच्या त्याला चालतंय,” ही म्हणाली. “तुमाला का टोचत्यात?”

माझी थोरली माहेरी झाली. धाकटा प्रशांत २०११ साली सासरी झाला, तेव्हा मी तिचं काम जवळून पाहिलं. न्हाणीत पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायची. मग तेल. पाठीवरून खाली, खांद्यावरून हाताकडे, उजवा हात डाव्या पायाला नेऊन लावायचा, डावा उजव्याला. तोंडानं अखंड बोलणं चालू असायचं. “कोन आलंया? पाटील आलं का? मुतलं का माज्या अंगावर? मुता, मुता, तुमचंच राज्य हाय.” रडणारं पोर तिच्या नडग्यांवर पाचव्या मिनिटाला गप्प व्हायचं. पाणी ओतताना ती कपाळावर हाताची पन्हळ धरायची. एक थेंब डोळ्यांत जायचा नाही. पुसून, ओव्याची धुरी देऊन, दुपट्यात बांधून झालं की अंगठ्यानं त्याच्या कपाळावर हलकेच एक उभी नि एक आडवी रेघ ओढायची आणि पुटपुटायची, “प्रभू, ह्याला सांभाळ.” माझ्या सासूबाई त्या वेळी नेमक्या दुसरीकडे बघायच्या. नंतर त्याच जागी काजळाची तीट लावायच्या. दोघींचं याबद्दल कधी बोलणं झालं नाही. तिच्या चहाचा कप न्हाणीच्या खिडकीत वेगळा असायचा, त्याबद्दलही नाही. घरातलं सगळ्यात नाजूक माणूस तासभर तिच्या हातांत असायचं आणि कप मात्र खिडकीत. मला ते दिसायचं.

तेल लावून झालं की ती टाळू भरायची, कानांत एकेक थेंब सोडायची आणि नाकपुड्यांत एकेक. दोन थेंब. मग बाळ शिंकलं की खूश व्हायची. “झालं नाक साफ!” आमच्या भागात सगळेच असं करत आले. माझ्या सासूबाईंनी पाच मुलं अशीच वाढवली.

प्रशांतला पाचव्या दिवशी नगरला दाखवलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, नाकात तेल अजिबात घालू नका, ते श्वासाबरोबर छातीत उतरतं, निमोनिया होतो, पोरं दगावतात. मी बी. एस्सी. झालेली, मला ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं वाटीत करंगळी बुडवली तेव्हा मी म्हणाले, “मावशी, नाकात नको.”

“का वं वहिनी? सर्दी धरत न्हाई तेलानं.”

सासूबाई न्हाणीच्या दारातच उभ्या होत्या. कारण सांगितलं असतं तर ते त्यांच्या पाच मुलांवर आणि मावशीच्या वीस वर्षांच्या हातांवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मी एवढंच म्हणाले, “आमच्याकडं नको.”

मावशी खळखळून हसली. “कालेजवाल्या बाईचं पोर, त्याचं नाक बी कालेजचं!” सासूबाई हसल्या, मीही हसले. तिनं नाकात तेल घातलं नाही. दुसऱ्याच्या घरची रीत ती पाळायची. कुणाला हळद चालायची नाही, कुणाला धुरी. आमच्याकडे नाकात तेल चालत नाही, असं तिच्या डोक्यात बसलं.

त्यानंतरची बारा वर्षं मी तिला सकाळी रस्त्यानं जाताना पाहत होते. कुठल्या घरी जाते आणि तिथं काय काय करते, मला माहीत होतं.

अँड्र्यू बारावी करून नगरच्या एमआयडीसीत लागला. नगरलगतच्या भिंगारच्या नॅन्सीशी त्याचं लग्न झालं. पोरगी बोलायला कमी, शिवणकामात हुशार. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. तिसऱ्यांदा सातवा महिना पार पडेपर्यंत मावशीनं कुणाला कळू दिलं नाही. २०२३च्या जानेवारीत नगरला मुलगी झाली. नॅन्सीला आई नव्हती. अँड्र्यू म्हणत होता, दवाखाना जवळ आहे, भिंगारलाच राहू. पण नॅन्सीनंच हट्ट धरला, “आख्ख्या गावाची पोरं आईंच्या हातची न्हातात. माझीला का नको?”

आठव्या दिवशी ती बाळाला घेऊन खळवाडीला आली. मावशीनं सव्वा महिन्याची सगळी घरं बंद केली. श्रीमंत गाडेकरांची सून दीपा बाळंतीण होती, तिचा निरोप आला तर हिनं सांगितलं, “आता चाळीस दिस माज्याच घरचं गिऱ्हाईक हाय.” कांद्याच्या रानात बाया तिला चिडवायच्या.

“काय मावशी, नातीचं न्हाऊ किती वाजता सुरू हुतं नि किती वाजता संपतं?”

“संपतंय कशाला? ती राणी उठूच देत न्हाई.”

मी बाळंतविडा घेऊन गेले तेव्हा ती अंगणात उन्हाला बसून नातीला तेल लावत होती. बाळाचं नाव ईस्टरला बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं ठरलं होतं, तोवर नुसतीच राणी. मावशी मला म्हणाली, “वहिनी, इतकी पोरं ह्या पायांवर घेतली. परत्येक येळी उचलून दुसऱ्याच्या हातात द्यावं लागायचं. हिला न्हाई द्यायची.”

त्या वर्षी थंडी कडक होती. बाविसाव्या दिवशी बाळाला सर्दी झाली. नाक वाजायला लागलं, दूध ओढताना धाप लागायला लागली. मावशीला जे येत होतं ते तिनं केलं. धुरी वाढवली, छातीला लसूण-ओव्याचं तेल चोळलं, आणि नाक मोकळं व्हावं म्हणून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, असे थेंब सोडले. चोविसाव्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. चपला नव्हत्या. “वहिनी, गाडी काढायला सांगा. तिची छाती कोकरागत उडतीया.”

संगमनेरच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांच्या खोलीत मी नि नॅन्सी होतो. मावशी बाहेर बाकावर दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, “नाकात तेल घालता का?”

नॅन्सीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो.”

“सर्दी असतानाही?”

“सर्दी होती म्हणूनच.”

डॉक्टर रागावले नाहीत. सर्दीनंही छाती भरते, म्हणाले, पण तेल आत गेल्यासारखं दिसतंय, आणि एवढ्या लहान जिवाला ते झेपत नाही. बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, “काय म्हनले?” नॅन्सी म्हणाली, “निमोनिया म्हणतात.” पुढचं ती बोलली नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी बाळ गेलं.

घरी आणल्यावर चर्चच्या पाळकांनी विचारलं, लगेच दफनाला निघायचं का. मावशी म्हणाली, “न्हाऊ घालते.” तिनं चुलीवर पाणी ठेवलं, हात धुतले, पाटावर बसून पाय लांब केले. कोपर बुडवून पाणी तपासलं, थोडं गार मिसळलं, पुन्हा तपासलं. मग सवयीनं उजवा हात मागे चुलीच्या कट्ट्याकडे नेला. तेलाची वाटी नेहमी तिथं असायची. वाटी होती, पण राखेनं लखलखीत घासून पालथी घातलेली.

मावशीनं मान वळवून वाटीकडे पाहिलं. मग नॅन्सीकडे. नॅन्सी भिंतीला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. मावशीनं हात मागे घेतला आणि नुसत्या पाण्यानं नातीला धुतलं. कपाळावर हाताची पन्हळ धरून.

दहा दिवसांनी अँड्र्यू नॅन्सीला घेऊन भिंगारला गेला. भांडण झालं नाही. जाताना नॅन्सी सासूच्या पाया पडली, अँड्र्यू तेवढंही न करता गाडीवर जाऊन बसला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारी, मावशी आमच्याकडे आली. सासूबाई वारून तेव्हा वर्ष झालं होतं. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, ती खाली बसली. चहा केला, तो तिनं घेतला नाही.

“वहिनी, तुमी डाक्टरच्या खोलीत हुता.”

“होय.”

“अँड्र्यू बोलत न्हाई. नॅन्सी फोनवर ‘जेवला का’ म्हनती नि ठेवती. पाळक म्हनत्यात, देवाची विच्छा. तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगा. तेलानं व्हय?”

मनात दोन्ही उत्तरं तयार होती. नाही म्हटलं असतं तर ती उठून घरी गेली असती, थोडी झोपली असती, आणि महिन्याभरानं कुणाच्या तरी न्हाणीत पाय लांब करून बसली असती. वाटीत करंगळी बुडवून.

“तेलानं असेल, मावशी,” मी म्हणाले. “सर्दी होतीच. पण तेल छातीत गेलं होतं.”

ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसली. तेलानं मऊ झालेले तळवे, बोटांच्या पेरांवर मात्र कांद्याच्या रानातल्या भेगा. मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती.

“मंग लंकाबाईचा मच्छिंद्र?”

लंकाबाई म्हणजे तिच्या घरापासून तिसऱ्या घरची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगा झाला होता, मच्छिंद्र. २०१३ साली, दीड महिन्याचा असताना छाती भरून गेला. त्यानंतर तिला मूल झालं नाही. त्याला न्हाऊ शीलामावशीच घालायची.

“ते आता कसं सांगणार, मावशी? त्याला काय झालं होतं कुणी तपासलं?”

“आन् गाडेकरांची पयली नात? ती तर महिनाभर दवाखान्यात हुती.” ती थांबली. “तुमच्या प्रशांतला कवा काय झालं न्हाई.”

“नाही.”

“तुमी घालू दिलं न्हाई.”

मी तिचा न घेतलेला चहा उचलून बाजूला ठेवला. तिनं पुढे विचारलं नाही. उठली, पदर सावरला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती बाहेर पडली. काखेत फडकं नव्हतं. आधी गाडेकरांकडे गेली. दीपाचं बाळ दोन महिन्यांचं झालं होतं, त्याला आता तिची आजेसासू रंगुबाई न्हाऊ घालायची. मी गिरणीतून येत होते, दारातच थबकले. मावशी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होती, “नाकात तेल घालू नका. माज्या हातनं चूक झालीया.”

“आगं, आमी समदी तेलावरच वाढलो,” रंगुबाई आतून म्हणाली. “मेलो का?”

“जी मेली ती सांगाया न्हाईत, आजी.”

दीपानं बाळाला छातीशी घेतलं आणि एक पाऊल मागे सरली. वाईट हेतूनं नाही, पण सरली. मावशीनं ते पाहिलं. हात पदराखाली घेतले आणि पुढच्या घराकडे निघाली.

असं ती चार दिवस फिरली. कुठं “जाऊ द्या मावशी, तुमी काय मुद्दाम केलं का” म्हणाले. कुठं तिला बसवून चहा दिला आणि ती गेल्यावर कुजबुजले. लंकाबाईचं घर मात्र तिनं टाळलं. रोज तिच्या दारावरून जायची आणि दुसरीकडे वळायची. पाचव्या दिवशी मला म्हणाली, “वहिनी, माज्यासंगं येता? एकटीनं पाय उचलंना.”

लंकाबाई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. चांगले एका पाटीत, दुभाळके जोडकांदे नि सडके दुसरीकडे. आम्हा दोघींना एकत्र पाहून हसली. “आज काय दोघी? मतं मागाया आलाव का?”

मावशी ओट्याच्या पायरीवर बसली. मी शेजारी. मावशीनं सरळ सांगून टाकलं. नातीला तेलानं झालं. डॉक्टरांनी सांगितलं. तसंच मच्छिंद्रचं झालं असेल, ठाऊक नाही, पण झालं असेल.

लंकाबाईचा हात कांद्यावर थांबला. मला वाटलं, ती ओरडेल, शिव्या देईल. तिनं द्याव्यात म्हणूनच मावशी तिथं बसली होती. लंकाबाईनं हातातला कांदा पाटीत टाकला नाही, मांडीवर ठेवला. मग तिनं विचारलं, “किती थेंब घालायचा तुमी?”

“दोन. एकेका नाकपुडीत एक.”

“त्याला सर्दी झाली तवा?”

मावशीनं हात पदरात गुंडाळले.

“तवा चार घातलं हुतं,” लंकाबाई म्हणाली. “मी सांगितलं हुतं तुमाला. आठवतं का? तुमी दोनच घालत हुता. मी म्हनले, मावशी, आणखी दोन घाला, माज्या सोन्याला झोप न्हाई.”

“तुला काय ठाव हुतं बाई,” मावशी म्हणाली.

“आन् तुमाला तरी काय ठाव हुतं?”

मावशीनं हात पुढे केला आणि मध्येच, लंकाबाईच्या गुडघ्याजवळ, ओट्यावर टेकवला. लंकाबाईनं तो धरला नाही, पण गुडघाही बाजूला घेतला नाही.

मी उठून निघून जाऊ शकले असते. त्या दोघींचं दुःख होतं, त्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण मच्छिंद्र गेला तेव्हा माझा प्रशांत दोन वर्षांचा होता.

“मला ठाऊक होतं, लंकाबाई,” मी म्हणाले. “मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी प्रशांतपुरतं बघितलं.”

लंकाबाईनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरच न समजल्यासारखं काहीतरी होतं. “मंग बोलला का न्हाई?”

सासूबाई दारात उभ्या होत्या, हे मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही. शीलामावशी माझ्याकडे बघत नव्हती. तिला हे त्या दुपारी माझ्या घरीच कळलं होतं, आणि तरीही सोबतीला तिनं मलाच आणलं होतं.

लंकाबाई उठली. मांडीवरचा कांदा घरंगळत पायरीखाली गेला. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं, कडी मात्र लावली नाही.

“चला मावशी,” मी म्हणाले.

“बसा वहिनी. ती भाईर येईस्तवर बसू.”

मावशीनं पाटी जवळ ओढली आणि लंकाबाईचे राहिलेले कांदे निवडायला घेतले. थोड्या वेळानं मीही घेतले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, पाटी भरली, तरी दार उघडलं नाही. आम्ही बसून राहिलो.